टॅलीचा डेटा सापडत नाही? काळ्या खिडकीतल्या एका ओळीने शोधा!



दुकानाचं नाव पाटीवर असतं, पण दुकानाचा जीव उधारीच्या यादीत असतो. आपल्या बीड जिल्ह्यात हे कुणाला सांगायची गरज नाही. गेवराई, माजलगाव, वडवणी, केज, कुठेही जा. कृषी सेवा केंद्रवाला जूनमध्ये बियाणं आणि खत उधार देतो आणि कापसाची वेचणी होऊन माल विकला जाईपर्यंत थांबतो. कुणाचे पैसे उसाच्या बिलावर येतात. म्हणजे चार-सहा महिने तुमचं भांडवल लोकांच्या शेतात असतं, आणि त्याचा पुरावा असतो फक्त तुमच्या हिशोबात.

पूर्वी हा हिशोब लाल वहीत होता. लक्ष्मीपूजनाला आपण त्या वहीची पूजा करायचो, आणि वही कुठे ठेवलीय हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असायचं. आता वही कॉम्प्युटरमध्ये गेली. मग आता एक प्रश्न विचारतो, प्रामाणिक उत्तर द्या. तुमच्या टॅलीचा डेटा कॉम्प्युटरमध्ये नेमका कुठल्या ड्राइव्हमध्ये, कुठल्या फोल्डरमध्ये आहे?

"टॅलीत आहे" हे उत्तर नाही. टॅली हे सॉफ्टवेअर आहे, ते परत टाकता येतं. डेटा परत टाकता येत नाही.

समजा, टॅली करणारा मुलगा मार्चमध्ये नोकरी सोडून पुण्याला गेला. किंवा कॉम्प्युटर हळू चालतोय म्हणून दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकलं. टॅली उघडलं, आणि कंपनीची यादी कोरी! छातीत धस्स होतं. पण अशा वेळी बऱ्याचदा डेटा त्याच मशीनमध्ये दुसऱ्या कोपऱ्यात पडलेला असतो, टॅलीला फक्त तो रस्ता माहीत नसतो. तो कोपरा शोधायची पद्धत आज शिकायची. व्हिडिओत स्क्रीन भराभर पुढे सरकते, म्हणून इथे पायरीपायरीने लिहून देतो.

हे शिकायचं कशासाठी? तीन कारणं

पहिलं कारण, कायदा. जीएसटी नोंदणी असेल तर हिशोबाच्या नोंदी त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात. उदाहरण घ्या. २०२१-२२ या वर्षाच्या वार्षिक रिटर्नची शेवटची तारीख होती ३१ डिसेंबर २०२२. त्यात ७२ महिने मिळवा, म्हणजे त्या वर्षाचा हिशोब ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत हाताशी हवा. २०२३-२४ चा हवा ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. एखादं अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही जास्त काळ लागू शकतो. इतक्या वर्षांत कॉम्प्युटर दोनदा बदलतो आणि अकाउंटंट तीनदा.

दुसरं कारण, उधारी. विकलेल्या मालाचे पैसे कोर्टातून वसूल करायचे असतील तर साधारण ३ वर्षांची मुदत असते. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने बाकी लेखी मान्य केली तर ती पुन्हा नव्याने मोजली जाते. पण त्यासाठी माल कधी दिला, किती दिला, किती जमा झाला हे तारखेसह दाखवावं लागतं. "त्याच्याकडे माझे काहीतरी वीस-बावीस हजार आहेत" असं म्हणून कुणी देत नाही.

तिसरं कारण, बँक. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायची म्हणा किंवा धंद्यासाठी नवं कर्ज म्हणा, बँक मागच्या वर्षांचा हिशोब मागतेच. त्या दिवशी डेटा शोधायला बसाल तर फाइल पुढच्या महिन्यावर गेलीच म्हणून समजा.

साध्या सर्चमध्ये का सापडत नाही?

"सर, वर शोधायचा चौकोन आहे की, त्यात नाव टाकलं की झालं!" बरोबर आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्या. विंडोजचा सर्च वेगवान चालावा म्हणून आधीच एक सूची बनवून ठेवतो, आणि ती सूची सहसा ठरावीक जागांचीच असते. डी ड्राइव्हच्या पोटात, जुन्या फोल्डरमध्ये दडलेली फाइल त्या सूचीत असेलच असं नाही. शिवाय लपवलेल्या फाइली तो सहज दाखवत नाही, आणि फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, बऱ्याच मशीनवर झाकलेलं असतं.

कमांडचं तसं नसतं. ती सूचीवर विसंबून राहत नाही, थेट ड्राइव्ह वाचते. गावात माणूस शोधताना मतदार यादी बघणं वेगळं आणि घरोघर जाऊन दार वाजवणं वेगळं. कमांड दार वाजवते.

आज आपण जी मुख्य कमांड वापरणार आहोत ती आहे डीआयआर. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हापासून ती आहे आणि आजच्या विंडोजमध्येही फुकट आहे. काही डाउनलोड करायचं नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत.

पायरी १: काळी खिडकी उघडा

कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून धरा आणि आर दाबा. छोटा चौकोन येईल. त्यात इंग्रजीत सी, एम, डी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. हीच कमांड प्रॉम्प्ट.

एक सूचना नीट वाचा. या लेखात कमांड मराठी अक्षरांत लिहिल्या आहेत, पण टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजी ठेवायचे. कॅपिटल की स्मॉल, फरक पडत नाही. साधा स्लॅश प्रश्नचिन्हाच्या बटणावर असतो. उलटा स्लॅश बहुतेक कीबोर्डवर एंटरच्या वर असतो. स्टारचं चिन्ह शिफ्ट आणि ८ मिळून येतं.

दुसरी सूचना. नव्या मशीनवर कधी कधी सीएमडीऐवजी पॉवरशेल नावाची खिडकी उघडते. ओळीच्या सुरुवातीला पीएस ही अक्षरं दिसली तर ती पॉवरशेल समजा. तिथे या कमांड अशाच्या अशा चालत नाहीत. काही अवघड नाही, तिथेच सीएमडी टाइप करून एंटर मारा, की आपली नेहमीची खिडकी तयार.

पायरी २: काय शोधायचं ते ठरवा

इथेच बरेच जण चुकतात. ते "टॅली" हा शब्द शोधतात आणि सॉफ्टवेअरच्या शेकडो फाइली समोर येतात. आपल्याला सॉफ्टवेअर नको, डेटा हवाय.

टॅली प्रत्येक कंपनीसाठी एक वेगळं फोल्डर करतं. त्या फोल्डरचं नाव तुमच्या दुकानाचं नसतं, नुसता आकडा असतो, जसं १००००. म्हणून तर दुकानाच्या नावाने शोधून काही मिळत नाही! पण त्या फोल्डरच्या आत कंपनी या नावाची एक फाइल असते, आणि तिच्या शेपटाला आवृत्तीप्रमाणे ९०० किंवा १८०० असा आकडा असतो. एका फोल्डरमध्ये अशी एकच फाइल. म्हणजे ती सापडली की फोल्डर सापडलं.

आता ही ओळ टाइप करा:

डीआयआर डी:\कंपनी.*०० /एस /बी

अक्षरं सांगतो. डी-आय-आर, स्पेस, मग डी, कोलन, उलटा स्लॅश, मग सी-ओ-एम-पी-ए-एन-वाय, टिंब, स्टार, शून्य, शून्य, स्पेस, साधा स्लॅश आणि एस, स्पेस, साधा स्लॅश आणि बी. एंटर.

यात काय काय सांगितलं ते बघा. डी:\ म्हणजे डी ड्राइव्हच्या मुळापासून सुरुवात कर. स्टार म्हणजे "इथे काहीही चालेल", त्यामुळे ९०० आणि १८०० दोन्ही पकडले जातात. /एस म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरमध्ये घुसून बघ. /बी म्हणजे बाकी पसारा नको, फक्त पूर्ण पत्ता सांग.

ड्राइव्ह मोठा असेल तर थोडा वेळ लागतो. खिडकी गप्प बसली म्हणून बंद करू नका. थांबवायचंच असेल तर कंट्रोल आणि सी दाबा. झालं की हीच ओळ सी, ई अशा प्रत्येक ड्राइव्हसाठी चालवा. जुनी हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह असेल तर तीही लावून घ्या.

काहीच आलं नाही? घाबरू नका. ओळीच्या शेवटी एक स्पेस देऊन /ए जोडा. ए म्हणजे लपवलेल्या फाइलीही धर. सी ड्राइव्हवर "ॲक्सेस डिनाइड" असं आलं तर खिडकी बंद करा, स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, त्यावर उजवं क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा आणि पुन्हा प्रयत्न करा.

तरीही नाही? मग बॅकअप शोधा. टॅलीच्या बॅकअप फाइलच्या नावात टीबीके ही तीन अक्षरं असतात:

डीआयआर डी:\*टीबीके* /एस /बी

पायरी ३: तीन सापडले, त्यातला खरा कुठला?

बऱ्याच दुकानांत असं होतं. एक डेटा डी ड्राइव्हमध्ये, एक "नवीन फोल्डर" मध्ये, एक "जुना बॅकअप फायनल २" मध्ये! नावावर जाऊ नका, तारीख आणि आकार बघा. त्यासाठी दुसरी कमांड आहे, व्हेअर:

व्हेअर /टी /आर डी:\ कंपनी.*००

स्पेलिंग डब्ल्यू-एच-ई-आर-ई. /आर म्हणजे या जागेपासून आत आत शोध, /टी म्हणजे प्रत्येक फाइलचा आकार, तारीख आणि वेळ दाखव. शेवटची तारीख कुठल्या पत्त्यावर आहे ते लगेच कळतं.

इथे एक बारकावा आहे. ही तारीख फाइलमध्ये शेवटचा बदल कधी झाला त्याची असते. फाइल कॉपी करून दुसरीकडे ठेवली तरी बदलाची तारीख सहसा तीच राहते, म्हणून ती कामाची. पण कुणी जुना डेटा मध्येच टॅलीत उघडून बघितला असेल तर त्याची तारीख नवी दिसू शकते. त्यामुळे तारखेवरून अंदाज बांधा, खात्री मात्र डेटा उघडून शेवटचं व्हाउचर बघूनच करा. ते कसं उघडायचं, ते पुढच्या पायरीत.

पायरी ४: आधी कॉपी, मग उघडा

हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. सापडलेला मूळ डेटा थेट उघडायचा नाही. जुन्या आवृत्तीचा डेटा नव्या टॅलीत उघडताना त्याचं रूपांतर होऊ शकतं, आणि मध्येच लाइट गेली तर काय, हे बीडमध्ये राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

टॅली बंद करा. पेन ड्राइव्ह लावा. तो ई ड्राइव्ह म्हणून दिसतोय असं धरू. मग:

रोबोकॉपी "डी:\जुना डेटा\१००००" "ई:\बॅकअप\१००००" /ई

स्पेलिंग आर-ओ-बी-ओ-सी-ओ-पी-वाय. डी ड्राइव्हचा पत्ता मी उदाहरण म्हणून दिलाय, तुम्ही तुमचा सापडलेला पत्ता घाला. पत्त्यात स्पेस असेल तर दोन्ही बाजूंना अवतरण चिन्ह हवंच, नाहीतर कमांड अर्धा पत्ता वाचते. अवतरण बंद करायच्या आधी शेवटी उलटा स्लॅश देऊ नका. आणि या कमांडसोबत /एमआयआर कुणी सांगितलं तर वापरू नका. ते दुसरी बाजू पहिल्यासारखी हुबेहूब करतं, म्हणजे तिथलं जास्तीचं पुसून टाकतं.

आता टॅली उघडा, कंपनी निवडायच्या स्क्रीनवर "स्पेसिफाय पाथ" मध्ये कॉपी केलेल्या जागेचा पत्ता द्या. आकड्याचं फोल्डर ज्याच्या आत आहे त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, म्हणजे इथे ई:\बॅकअप. आकड्याच्या आतला नाही. दुकानाचं नाव यादीत दिसलं की शेवटचं व्हाउचर आणि दोन-चार मोठ्या उधाऱ्या तपासून घ्या.

विंडोज नव्याने टाकलं असेल तर

दुरुस्तीवाल्याने ड्राइव्ह फॉर्मॅट न करता विंडोज टाकलं असेल, तर सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड नावाचं फोल्डर असतं. तुमच्या जुन्या डेस्कटॉपवरच्या आणि युजर्समधल्या वस्तू त्यात असू शकतात. वरची डीआयआरची ओळ सी ड्राइव्हवर चालवली की त्यातलंही शोधलं जातं. पण घाई करा! विंडोज हे फोल्डर साधारण १० दिवसांनी स्वतःच काढून टाकतं.

आणि एक स्पष्ट सांगतो. फाइल खरोखर पुसली गेली असेल तर डीआयआर ती दाखवू शकत नाही. अशा वेळी त्या मशीनवर नवीन काही टाकू नका, डाउनलोड करू नका, ते बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्या. जितकं नवीन लिहाल तितकं जुनं पुसलं जाईल.

टॅली नाही, माझा दुसराच धंदा आहे!

पद्धत तीच, फक्त शेपूट बदलायचं.

फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेचं दुकान असेल तर कोरलड्रॉच्या फाइली सीडीआर शेपटाच्या असतात. मागच्या वर्षीची मांजरसुंब्याची पत्रिका हवी असेल आणि नाव इंग्रजीत दिलं असेल, तर *manjar* हा शब्द मराठीत वाचतो तसा "मांजर" इतकाच इंग्रजीत लिहून दोन्ही बाजूंना स्टार द्या आणि पुढे .सीडीआर जोडा. नाव अर्धवट आठवत असलं तरी चालतं.

सीताफळाच्या गराचा, मसाल्याचा, पापडाचा घरगुती उद्योग असेल तर हिशोब बहुधा एक्सेलमध्ये. तिथे *.एक्सएलएस* असं शोधा. शेवटच्या स्टारमुळे जुन्या आणि नव्या दोन्ही प्रकारच्या एक्सेल फाइली मिळतात. यादी फार लांब आली तर तिला चाळणी लावा:

डीआयआर डी:\*.एक्सएलएस* /एस /बी | फाइंडस्टर /आय "स्टॉक"

मधली उभी रेघ म्हणजे पहिल्याचं उत्तर दुसऱ्याकडे दे. फाइंडस्टर म्हणजे एफ-आय-एन-डी-एस-टी-आर. /आय म्हणजे कॅपिटल-स्मॉल बघू नकोस. "स्टॉक" हा शब्द अर्थातच इंग्रजीत. फाइलची नावं मराठीत दिली असतील तर काळ्या खिडकीत चौकोन दिसू शकतात. त्यामुळे यापुढे फाइलचं नाव इंग्रजीत, आत मजकूर खुशाल मराठीत ठेवा.

यादी जपून ठेवायची असेल तर ओळीच्या शेवटी > ई:\यादी.टीएक्सटी असं जोडा. पेन ड्राइव्हवर फाइल तयार होते. त्याच नावाची आधीची फाइल असेल तर मात्र ती पुसली जाते, म्हणून नाव दरवेळी वेगळं द्या.

भीती वाटते? वाटू देऊ नका

डीआयआर आणि व्हेअर या फक्त बघणाऱ्या कमांड आहेत. त्या काही बदलत नाहीत, काही पुसत नाहीत. स्पेलिंग चुकलं तर फार तर इंग्रजीत एक तक्रार दिसेल. दोन शब्दांपासून मात्र लांब राहा, डेल आणि फॉर्मॅट. ते पुसणारे आहेत.

दुसऱ्याच्या मशीनवर त्याच्या परवानगीशिवाय शोधाशोध करायची नाही. तुमचा हिशोब कर सल्लागाराच्या कॉम्प्युटरवर होत असेल तर दर महिन्याला त्यांच्याकडून बॅकअप मागून घ्या. त्यात संकोच कसला? कष्ट त्यांचे, फी तुमची, आणि हिशोब तुमचाच आहे.

आजचा गृहपाठ

१. आज दुकान बंद करायच्या आधी डीआयआरची ओळ प्रत्येक ड्राइव्हवर चालवा.

२. चालू वर्षाच्या डेटाचा पूर्ण पत्ता कागदावर लिहा. एक कागद गल्ल्यात, एक घरी.

३. डेटाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती दुकानात ठेवू नका, घरी न्या. दुकानाला काही झालं तर दोन्ही एकदम जायला नकोत. जमलं तर तिसरी प्रत गूगल ड्राइव्हवर.

४. नवीन अकाउंटंट ठेवताना पहिल्याच दिवशी सांगा, डेटा याच फोल्डरमध्ये राहील. तो सोडून जाताना शेवटचा पगार द्यायच्या आधी पत्ता, पासवर्ड आणि बॅकअप तिन्ही तपासून घ्या.

५. घरातल्या अजून एकाला ही ओळ शिकवा. बायको, मुलगी, भाऊ, कुणीही. धंद्याची किल्ली एकाच खिशात नको.

हे सगळं करायला अर्धा-पाऊण तास लागेल. उधारी किती वर्षांची आहे ते तुम्हीच मोजा आणि त्या पाऊण तासाची किंमत काढा.

कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत.